कासमभाईंनी ऐकलेले सामने

मस्कतच्या वादी कबीर भागात आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत गाड्यांचे एसी दुरुस्त करणारं एक गॅरेज होतं. तिथले मुख्य मिस्त्री कासम सोलकर हे आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे हर्णैचे. ऐन विशीत मस्कतला आले आणि ज्या गॅरेजात पहिल्या दिवशी उभे राहिले, तिथेच राहिले. गॅरेजचा मालक हुसेन हा त्यांच्याच वयाचा ओमानी. कागदोपत्री तो अर्बाब, म्हणजे धनी, आणि हे कामगार. पण दोघं एका थाळीत जेवायचे आणि भांडायची वेळ आली की एकमेकांवर सारखाच आवाज चढवायचे.

कासमभाई अंगाने किरकोळ, बोलायला कमी. गाडी आत आली की आधी बॉनेट उघडायचे नाहीत. शेजारी उभे राहून मान कलती करून नुसते ऐकायचे. माझे यजमान दयानंद अल् खुवैरला एका कंपनीत इंजिनिअर. ते म्हणायचे, "हा माणूस डॉक्टर झाला असता तर स्टेथोस्कोप लागला नसता." कासमभाईंना हे सांगितलं की ते लाजून हसायचे आणि चहा मागवायचे.

फुटबॉलशी या माणसाचा काडीचा संबंध नव्हता. त्यांच्या मुलाचा, साकिबचा होता. साकिब इथेच वादी कबीरच्या शाळेत शिकला. वर्गात सगळ्यांत उंच, आणि गोलमध्ये उभं राहायला दुसरं कुणी तयार नसायचं, म्हणून गोलकीपर झाला. बारावीनंतर कॉलेजच्या निमित्ताने गोव्याला गेला आणि तिथल्या एका क्लबात शिरला. दोन-तीन वर्षांत क्लबचा दुसऱ्या नंबरचा गोलकीपर झाला. भारताच्या तेवीस वर्षांखालच्या शिबिरालाही एकदा बोलावणं आलं. आमच्या इमारतीत पेढे वाटले ते हवाबीने, म्हणजे साकिबच्या आईने. कासमभाई त्या दिवशी एका बसच्या टपावर एसीचं काम करत होते. मुलाचा खेळ त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. शाळेचे सामने व्हायचे ते गॅरेजातल्या ऐन गर्दीच्या वेळी, आणि गोवा तर काय, समुद्रापलीकडे.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात साकिब सुट्टीला आला तो एक प्रश्न घेऊन. त्याच्या क्लबात गोलकीपरना शिकवणारा वॉल्टर नावाचा उरुग्वेचा माणूस होता. त्याचा करार संपला होता, तो मोंतेविदेओला परत चालला होता आणि म्हणत होता, माझ्याबरोबर चल. तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका छोट्या क्लबात तुला घेतील.

उरुग्वे कुठे आहे हे शोधायला हवाबीने माझ्याकडून नकाशाचं पुस्तक नेलं. परत आणून दिलं तेव्हा म्हणाली, "वहिनी, ह्याच्या पलीकडं मग काय हाय? काहीच नाय. पाणी आणि बर्फ."

चर्चेला खरा रंग चढला तो अल हैलला, अलीमियाँच्या घरी. अलीमियाँ म्हणजे हवाबीचा थोरला भाऊ. त्यांचा तांदूळ-मसाल्याचा व्यापार. घर समुद्राजवळ, आणि शुक्रवारी नमाजानंतर तिथे जेवायला जायचं हा सोलकरांचा रिवाज. त्या शुक्रवारी आम्हालाही बोलावलं होतं.

"खुळा झालास काय?" अलीमियाँ साकिबला म्हणाले. "आपल्याकडे आता मोठी लीग सुरू होतेय. टीव्हीवर दिसणार. नेमक्या त्याच वेळी तू पळणार? आणि ते पण दुसऱ्या श्रेणीत? जो दिसत नाय त्याला कोण बोलवतं?"

दयानंदना फुटबॉलमधलं थोडंफार कळतं, निदान त्यांची तशी समजूत आहे. त्यांनीही अलीमियाँचीच री ओढली. "युरोपात गेलास तर कुणी विचारेल. दक्षिण अमेरिकेतून सगळे बाहेर पडतात, आत कोण जातं? तिथे गल्लीगल्लीत तुझ्यापेक्षा बरे गोलकीपर असतील. करिअरचं वाटोळं होईल रे."

साकिब मान खाली घालून भात कालवत होता. त्याचं मराठी तसं अडखळतच. "अंकल, तुम्ही बोलता ते करेक्ट आहे," एवढंच म्हणाला, आणि बापाकडे पाहिलं. "बावा, तुम्ही सांगा."

कासमभाईंनी हात धुतले. म्हणाले, "मना ह्यातलं काय समजतं? त्या माणसाचा नंबर दे."

वॉल्टर तेव्हा अजून गोव्यातच होता. फोन तिथेच, सगळ्यांसमोर लावला. कासमभाईंचं इंग्रजी गॅरेजपुरतं आणि वॉल्टरचं त्याहून कमी.

"मिस्टर," कासमभाई ओरडून म्हणाले, "माय सन देअर गो. देअर प्ले?"

पलीकडून उत्तर आलं ते स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "आय डोन्ट नो. मेबी नो. बट ही लर्न. धिस, आय प्रॉमिस."

अलीमियाँनी कपाळावर हात मारला. पण कासमभाई फोन ठेवून म्हणाले, "हा माणूस खोटं बोलत नाय. गाडी दुरुस्त होईलच असं छातीवर हात मारून सांगणारा मिस्त्री चोर असतो. साकिब, जायचं तर जा." आणि विषय संपला. ऑगस्टमध्ये साकिब गेला.

पहिले काही महिने काहीच घडलं नाही. आधी कागदपत्रं अडली, मग बाकावर बसणं. इथे तेव्हा नेटवरून फोन लागत नसत, म्हणून साकिब आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि हवाबी तो पुन्हा पुन्हा लावायची. थंडी आहे, पाव खातो, मांस चांगलं मिळतं पण हलालची पंचाईत आहे, वॉल्टर रोज रडवतो. भारतात मोठी लीग सुरू झाली होती. गोव्यात साकिबच्या मागे तिसऱ्या नंबरवर असलेला केरळचा एक मुलगा तिच्यात खेळू लागला आणि अलीमियाँ दर शुक्रवारी त्याची बातमी न चुकता देऊ लागले.

मग एके दिवशी साकिबचा निरोप आला. पहिला गोलकीपर आजारी आहे, शनिवारी मी खेळतोय. टीव्हीवर दाखवत नाहीत, पण तिथल्या वस्तीतलं एक छोटं रेडिओ स्टेशन नेटवर सामना सांगतं. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. ही लिंक.

त्या शनिवारी मी गॅरेजातच होते. आमच्या जुन्या गाडीचा एसी गरम हवा फेकत होता. काचेच्या केबिनमध्ये हुसेनचा लॅपटॉप उघडा होता, त्याच्यासमोर हुसेन आणि कासमभाई गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि त्यातून एक माणूस स्पॅनिशमध्ये असा बोलत होता की जणू त्याच्या घराला आग लागली आहे. आम्हा तिघांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. फक्त अधूनमधून "सोल-कार" ऐकू यायचं, आणि ते आलं की कासमभाईंचा हात गुडघ्यावर घट्ट व्हायचा.

थोड्या वेळाने रेडिओवाला किंचाळला, "अताहा सोलकार!"

हुसेनने डोळे मिटले. कासमभाईंचं तोंड उतरलं. मी विचारलं, काय झालं?

"वहिनी, अताहा म्हणाला." कासमभाई हळू आवाजात म्हणाले. इतकी वर्षं ओमानी माणसांत काढल्याने त्यांचं अरबी चांगलं होतं. "अताहा म्हणजे देऊन टाकला. गोल दिला साकिबने."

"पर ये तो स्पॅनिश बोल रहा है ना?" मी हुसेनला विचारलं.

"स्पेन में अरब सात सौ साल रहे, भाभी," हुसेन गंभीरपणे म्हणाला. "बहुत लफ्ज़ छोड़ के आये."

पुन्हा आलं, "अताहा!" मग पुन्हा. "अताहा, अताहा, सोलकार!" हुसेन दर वेळी कपाळाला हात लावायचा, "या कासम, फिर दे दिया." मध्यंतरापर्यंत आमच्या हिशेबाने पोराने गोलांची खैरात केली होती. नंतर दोनदा "गोऽल" अशी लांब आरोळी आली, पण तोवर आम्ही मोजणं सोडलं होतं. पाने हातात घेतलेले कामगार दाराशी येऊन माना हलवून जात होते. कासमभाईंनी चहाचा कप तोंडाला लावला नाही. एकदा फक्त म्हणाले, "एवढ्या लांब कुणाच्या तरी दारात माझं पोरगं एकटं हाय आणि समदे त्याला मारतायत." सामना संपला तेव्हा त्यांनी लॅपटॉप बंद केला, माझ्या गाडीत गॅस भरला आणि नमाजाआधीचा वुजू करायला, हातपाय धुवायला गेले.

मला राहवेना. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर तो शब्द शोधला. कसा लिहायचा तेच ठाऊक नव्हतं, बराच वेळ गेला. मग सापडला, आणि मी पायांत सपाता तशाच ठेवून खाली धावले. दार हवाबीने उघडलं. कासमभाई भिंतीला टेकून बसले होते.

"कासमभाई, अताहा म्हणजे दिला नाही. अताहा म्हणजे अडवला!"

ते भिंतीचा टेका सोडून पुढे सरकले.

"गोल अडवला. जितक्या वेळा म्हणाला, तितक्या वेळा साकिबने बॉल अडवला."

तेवढ्यात हवाबीच्या फोनवर साकिबचा आवाज आला. धापा टाकतच बोलत होता. "बावा, ऐकलं काय? ड्रॉ! एक-एक! वॉल्टर रडला!"

कासमभाई उठले आणि हुसेनला फोन करायला आत गेले. दुसऱ्या दिवशी सबंध गल्लीत ओमानी हलवा वाटला गेला, आणि तो हुसेनने आणला होता. "सात सौ साल," एवढंच मी त्याला म्हटलं. तो खो-खो हसला.

तिथून पुढे पावणेदोन वर्षं शनिवारची संध्याकाळ ठरलेली. पहिला गोलकीपर बरा होऊन आला तरी साकिब जागेवर टिकला. कासमभाई एकेक शब्द उचलत गेले. बाहेर गेला तर अफ्वेरा, खांबाला लागला तर पालो, गोलकीपर म्हणजे गोलेरो, आणि अडवणं फारच भारी असेल तर के अताहादा. अडलं की मला विचारायचे. वाक्य एकही येत नव्हतं, सगळी नुसती आरोळ्यांची भाषा. गॅरेजातही ती पसरली. नट हातातून निसटून नाल्यात पडला की कुणीतरी ओरडायचं, "अफ्वेरा!" गॅसची गळती सापडून बंद झाली की सगळे मिळून, "अताहा!" नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, ही बलुची भाषा असावी.

हवाबी मात्र रेडिओजवळ कधी फिरकली नाही. "मना त्या माणसाचं ओरडणं सोसत नाय," म्हणायची. "जेवला काय ते विचारा पोराला."

एका वर्षी त्यांचा क्लब वरच्या श्रेणीत जाता जाता राहिला. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरली असती आणि एका गोलने हरले. तो गोल साकिबची चूक होती की नाही हे कासमभाईंना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. भारताच्या संघासाठी तेव्हा निवड चालली होती. गोलकीपर निवडले ते मोठ्या लीगमधले. त्यात केरळचा तो मुलगा होता. साकिब हे नाव कुणी घेतल्याचं ऐकिवात आलं नाही.

मग सोळा सालच्या शेवटीशेवटी एका शनिवारी आमच्या दारावर थाप पडली. कासमभाई. हातांना ग्रीस तसंच. जिना चढून धाप लागली होती.

"वहिनी, ओम्ब्रो म्हणजे काय?"

मी शोधू लागले. ते दारातच उभे. "तो म्हणाला सोलकार, मग गप झाला. तो कधी गप होत नाय. मग ओम्ब्रो, ओम्ब्रो म्हणतोय. आता दुसऱ्या पोराचं नाव घेतोय."

"खांदा," मी म्हटलं. "ओम्ब्रो म्हणजे खांदा."

त्यांनी नकळत स्वतःचा उजवा खांदा धरला. ग्रीसचा पंजा शर्टावर उमटला. "खांदा ना? डोकं नाय ना? मग ठीक. खांदा ठीक," असं म्हणत जिना उतरून गेले.

खांदा ठीक नव्हता. तिथेच शस्त्रक्रिया झाली, वॉल्टरने घरी ठेवून घेतलं, त्याच्या बायकोने विसरून डुकराचं काहीतरी वाढायच्या आत वॉल्टरने ताट ओढलं, वगैरे गोष्टी साकिब नंतर हसून सांगायचा. पण क्लबने करार पुढे वाढवला नाही. भारतातल्या क्लबांना विचारलं. उरुग्वेची दुसरी श्रेणी म्हणजे नक्की काय हे तिथे कुणाला माहीत नव्हतं, आणि शस्त्रक्रिया झालेला खांदा म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं.

सतरा साली साकिब मस्कतला परतला तेव्हा पंचविशीचा होता. इथला त्याचा व्हिसा कधीच संपला होता. हुसेनने त्याला गॅरेजच्या व्हिसावर घेतलं, आणि उरुग्वेत खेळून आलेला गोलकीपर बापाच्या हाताखाली कंडेन्सर धुऊ लागला. तक्रार नाही, चिडचिड नाही. बघणाऱ्याला ते जास्त जड जायचं. कासमभाई त्याला हलकी कामं द्यायचे, तो मुद्दाम जड उचलायचा. दोघं दिवसभर एकत्र आणि बोलणं पान्यापुरतं.

असाच एक शुक्रवार, अलीमियाँकडे. आम्ही होतो. टीव्हीवर भारतातल्या लीगचा सामना चालू होता आणि गोलमध्ये तोच केरळचा मुलगा. अलीमियाँ मनाने वाईट नाहीत, पण जिभेला त्यांच्या झाकण नाही. म्हणाले, "बघ, हा तुझ्या मागे होता. तिथे गेला नसतास तर आज तू दिसला असतास. मी तेव्हाच बोललो होतो."

हवाबीने वाटी जोरात ठेवली. कासमभाईंनी मान वर केली.

"तुमचं बरोबर, अलीमियाँ," ते म्हणाले. "नुकसान झालं. समद्यांनी सांगितलं होतं आणि मी पाठवला. ज्यातलं समजत नाय त्यात मी हात घातला. दुसऱ्या कुणाचा दोष नाय, माझा हाय."

इतकं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. साकिब उठला, त्याने टीव्ही बंद केला नाही, आवाज तेवढा कमी केला, आणि बापाच्या समोर मांडी घालून बसला.

"बावा, मला पण विचारा ना. करिअर माझं आहे." मग मराठी जुळवत, अडखळत बोलत राहिला. "हा मुलगा माझ्यापेक्षा चांगला आहे. गोव्यात पण होता. तो आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं. वॉल्टरला पण कळलं, म्हणून तर तो बोलला, चल. मी गोव्यात राहिलो असतो ना, तर ह्याच्या मागे बाकावर बसलो असतो. तुम्ही टीव्हीवर मला बाकावर बघितलं असतं. उरुग्वेत मी खेळलो, बावा. दर शनिवारी. लोक शिव्या द्यायचे, नंतर नावाने हाक मारायचे. तुम्हीच तर ऐकलंय."

कासमभाईंनी मुलाच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग एकदम उचलला, दुखेल म्हणून. साकिबने तो धरून परत तिथे ठेवला.

अलीमियाँ उठून आत गेले आणि कलिंगड कापून घेऊन आले. क्षमा मागायची त्यांची तीच रीत.

घरी येताना गाडीत मी दयानंदना विचारलं, खरं असेल का हे? की बापाला बरं वाटावं म्हणून बोलला? ते म्हणाले, "दोन्ही असेल." साकिबला मी कधी विचारलं नाही.

पुढचा उन्हाळा. जूनमधल्या एका दुपारी गॅरेजात एक गोरा, टकला, घामाने निथळणारा माणूस गाडी घेऊन आला. मस्कतजवळच्या सीबमधल्या एका फुटबॉल क्लबने नवा प्रशिक्षक आणला होता, नेल्सन नावाचा, तो हा. अरबी शून्य, इंग्रजी जेमतेम. क्लबच्या गाडीचा एसी रस्त्यात बंद पडला होता आणि तो फोनवर कुणाला तरी स्वतःच्या भाषेत शिव्या हासडत होता. कासमभाईंनी मान कलती करून गाडीऐवजी त्याचंच बोलणं ऐकलं, पण त्यांच्या ओळखीचा एकही शब्द त्यात आला नाही. ते कामाला लागले. शेवटी कॉम्प्रेसर खट्कन लागला, थंड हवेचा झोत आला आणि सवयीने ते ओरडले, "अताहा!"

नेल्सनचा फोन कानापासून खाली आला. "के?"

कासमभाईंना वाटलं, याला शब्द आवडला. मग त्यांनी होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं, रेडिओवाल्याच्याच सुरात. "अताहा सोलकार! पालो! अफ्वेरा! के अताहादा, गोलेरो!"

नेल्सन आधी थक्क झाला आणि मग इतका हसला की त्याला टायरवर बसावं लागलं. हे मला हुसेननेच सांगितलं, दर वेळी जरा वाढवून. हसणं ऐकून आतून साकिब आला. बापाला काय झालं म्हणून विचारायला आला होता. पण नेल्सन काहीतरी म्हणाला आणि साकिबने त्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच गावच्या हेलात उत्तर दिलं. कुठे खेळलास? अमुक क्लबात. नेल्सनचं लहानपण त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर गेलं होतं. त्याने तिथल्या तिथे वॉल्टरची चौकशी केली. मोंतेविदेओत फुटबॉलवाले एकमेकांना ओळखतात, जसे आपले हर्णैचे दर्यावर्दी.

लगेच काही झालं नाही. नेल्सन आधी दोनदा एसीच्या निमित्ताने आला, मग तिसऱ्यांदा निमित्ताशिवाय. त्याला खेळाडूंशी बोलायला माणूस हवा होता. त्याचं म्हणणं अरबीत सांगणारा, आणि खेळातलं कळणारा. साकिब मस्कतच्या गल्लीत वाढलेला, अरबी त्याच्या तोंडात होतंच. गोलकीपरना सराव देता येईल का, हे बघायला नेल्सनने त्याला आठवडाभर मैदानावर बोलावलं. नंतर क्लबने विचारणा केली. व्हिसा बदलायला हुसेनची मंजुरी लागणार होती. तो कागदावर सही करताना म्हणाला, "कासम, मेकॅनिक खलास. अब नया ढूँढना पड़ेगा," आणि डोळे पुसले. ते उन्हाने, असं त्याचं म्हणणं.

अलीमियाँ आता सांगतात, "तिकडं गेला म्हणून तर हे मिळालं. मी तेव्हाच बोललो होतो." दयानंद अजून हट्ट सोडत नाहीत. त्यांच्या मते खेळाडू म्हणून त्याचं नुकसान झालं ते झालंच; प्रशिक्षक होणं ही वेगळी गोष्ट, तिचा हिशेब वेगळा. गॅरेजच्या बाकावर या विषयावर वाद निघाला की कासमभाई दोघांनाही चहा देतात आणि स्वतः कुणाच्याही बाजूने बोलत नाहीत.

एकोणीस सालच्या फेब्रुवारीत आम्ही सगळे सीबला क्लबचा सामना बघायला गेलो. हवा छान होती. कासमभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि मैदान केवढं मोठं असतं हेच बघत राहिले. सामन्यापूर्वी साकिब आपल्या गोलकीपरला सराव देत होता. तो एकोणीस-वीस वर्षांचा ओमानी मुलगा, जमाल. साकिब डाव्या हाताने चेंडू फेकायचा, उजवा खांदा सांभाळून. जमाल झेपावला की साकिब टाळ्या वाजवायचा आणि पुन्हा कानउघाडणी करायचा.

"ह्या पोरासारखा उभा राहायचा काय साकिब तिथे?" कासमभाईंनी मला विचारलं. "गुडघे वाकवून?"

"असेल," मी म्हटलं.

"मना वाटायचं सरळ उभा असतो." आणि ते पुन्हा बघू लागले.

सामन्यात कासमभाई आणि हुसेन शहाण्यासारखे गप्प बसले. सगळ्या बाजूंनी ओरडा चालू असताना त्यांना काय करावं कळत नव्हतं. हवाबीने मात्र कमाल केली. ती हट्टाने आली होती, डब्यात सांदणं घेऊन, "मी खेळ बघायची नाय, पोराला भेटायला येतेय," असं बजावून. पण पहिल्याच हल्ल्यात समोरच्या संघाचा एक दांडगा गडी जमालवर आदळला आणि रेफरीने शिट्टी वाजवली नाही. हवाबी ताडकन उभी राहिली. डबा माझ्या मांडीत आला.

"अरे ए काळ्या शर्टाच्या!" तिने अस्सल हर्णैच्या आवाजात रेफरीला हाक दिली. "डोळे काय बंदरावर सुकत घातलेस? पोराला लाथ मारली ती दिसली नाय तुला?"

आजूबाजूच्या ओमानी बायका वळून बघू लागल्या. त्यांना शब्द कळले नसतील, पण त्यातली एक म्हातारी उठली आणि तिनेही रेफरीला अरबीत दोन ऐकवल्या. मग दोघी मिळून सुरू झाल्या. खाली मैदानाच्या कडेला साकिबने आईचा आवाज ओळखला, मागे वळून वर पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नेल्सनने त्याला काहीतरी विचारलं. साकिबने सांगितलं असावं, कारण नेल्सनने वर बघून हवाबीला वाकून सलाम केला.

क्लब त्या दिवशी दोन गोलांनी हरला. हवाबीला ते मान्य नव्हतं. परतीच्या वाटेवर, वादी कबीर येईपर्यंत ती कासमभाईंना समजावून सांगत होती की त्यातला एक गोल धरायलाच नको होता, आणि कासमभाई गाडी चालवता चालवता म्हणत होते, "बरोबर हाय तुझं."